वावरापासून तुडुमापर्यंत

"आई, क्रोम उघडूनच नाही रायला."

रात्रीचे सव्वाआठ झाले होते. मी उद्याच्या शाळेची तयारी करत बसले होते आणि मुलगा फोन हातात धरून दारात उभा होता. तो आठवीत आहे. शाळेनं परिसरातल्या जलस्रोतावर प्रकल्प करायला सांगितला होता. त्यानं आबाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या गावचा मामा तलाव निवडला होता. माहिती शुक्रवारी दाखवायची होती आणि हा गुरुवार होता.

आम्ही लाखनीला राहतो. नवऱ्याची नोकरी नागपुरात, तो शनिवारी येतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलाच्या हातात फोन दिला तेव्हा मनात धाकधूक होती, म्हणून गूगलचं फॅमिली लिंक माझ्या फोनवर घेऊन त्याचा फोन त्याला जोडला. दिवसाला दोन तास, रात्री साडेनऊनंतर बंद, असे नियम लावले. अभ्यास अडू नये म्हणून क्रोम ब्राउझरपुढे मात्र 'मर्यादा नाही' हा पर्याय निवडला. क्रोम मोकळं केलं, असं मी त्याला सांगितलंही होतं.

म्हणून त्या रात्री मी आधी माझाच फोन उघडून त्याच्यापुढे धरला. "हे बघ, क्रोमला मर्यादा नाही. तूच काहीतरी केलं असशील. दोन तास कशात घालवलेस ते सांग."

"व्हिडिओ पाहिले थोडे. पण क्रोमले तं तूच सूट दिली होती ना?"

मी आवाज चढवला. खोटं बोलू नकोस, असं म्हणाले. फोन घेऊन कपाटात ठेवला. तो काही बोलला नाही, अर्धी पोळी ताटात टाकून उठला. दुसऱ्या दिवशी प्रकल्पाची वही अर्धीच घेऊन शाळेत गेला. सरांनी सोमवारपर्यंत मुदत दिली.

शनिवारी दुपारी आम्ही गावाला गेलो. रोवणी कधीच आटोपली होती, धान निसवायला आलं होतं आणि पावसानं दडी मारली होती. अशा वेळी आमच्याकडे सगळ्यांची नजर तलावाकडे लागते. भंडारा जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं जागोजागी पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालून हे तलाव उभे केले. पुढे ते मालगुजारांकडे होते. मालगुजारी 1950च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून 'मामा तलाव' हे नाव रूढ झालं. मुलाच्या वहीत एवढं लिहून झालं होतं. पुढचं त्याला आबाजींकडून हवं होतं.

आबाजी खांद्यावर फावडं घेऊन बांधावर उभे होते. सकाळी पाणी सोडलं होतं, तरी वावर कोरडंच होतं. मुलानं विचारलं, "आबाजी, पाणी सोडला नाही का?"

"सोडला ना बाबू. तुडूम उघडला आहे, मी पाहून आलो."

तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायची जागा. तिला एकाखाली एक तोंडं असतात. पाणी उतरत जाईल तसं खालचं तोंड उघडायचं. तिथून पाणी मोठ्या पाटात जातं, मोठ्यातून लहान पाटात आणि मग आपापल्या बांध्यांत. कोणाची पाळी कधी, हे ठरलेलं असतं आणि ते वाटून देणारा पाणकर असतो.

"तुडूम उघडला म्हणजे वावरात पाणी आला, असा नसते," आबाजी म्हणाले. "मधात कोनी मातीचा आडवा टाकला असंल, पाट फुटला असंल, पालापाचोळा अडला असंल. तुडुमाजवळ उभा राहून भांडून काय होते? वावरापासून उलटा चालत जायचा. जेथं पाणी दिसंल, त्याच्या अलीकडंच अडला आहे."

आम्ही तिघंही पाटाच्या काठानं उलटे चालत गेलो. तिसऱ्या वळणावर बेशरमाच्या झुडपाच्या फांद्या आणि गाळ अडकला होता. पलीकडे पाणी तुंबून उभं होतं. आबाजींनी चार फावडी मारली आणि पाणी सरसरत पुढे निघालं. मुलगा पाण्याबरोबर वावरापर्यंत धावत गेला.

परत येताना मी गप्प होते. गुरुवारी रात्री मी नेमकी तुडुमाजवळ उभी राहून भांडले होते. माझ्या फोनवर क्रोम मोकळं दिसत होतं, तेवढ्यावर मी मुलाला खोटं ठरवलं. त्याच्या हातातल्या फोनवर नक्की काय लिहून येतंय, ते मी वाचलंच नव्हतं.

संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघं दोन्ही फोन घेऊन बसलो. ठरवलं असं की त्याच्या फोनपासून सुरुवात करायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच करून पाहायची.

त्या दिवशीचे दोन तास संपले होते, म्हणून फोन पूर्ण कुलूपबंद होता. एकटं क्रोम नव्हे, सगळंच. पहिली गाठ तिथे सुटली. 'मर्यादा नाही' याचा अर्थ एवढाच की त्या ॲपला स्वतःची वेगळी मर्यादा नाही. पण दिवसाची एकूण वेळ संपली की ते ॲपही बाकीच्यांबरोबर बंद होतं. वेळ संपल्यावरही चालू राहायला हवं असेल, तर 'नेहमी परवानगी' हा वेगळा पर्याय निवडावा लागतो. मी पहिला पर्याय निवडला होता आणि दुसऱ्याचं आश्वासन मुलाला दिलं होतं. पर्याय बदलला. गावात रेंज कमी होती, त्यामुळे काहीच फरक पडला नाही. मग दोघं गच्चीवर गेलो. इंटरनेट मिळाल्यावरच नवा नियम त्याच्या फोनवर पोहोचला आणि क्रोम उघडलं.

मी तिथेच त्याला म्हणाले, "गुरुवारी तू खरं बोलत होतास. चूक माझी होती."

तो "हं" म्हणाला आणि तलावाचं क्षेत्रफळ शोधायला लागला.

रविवारी सकाळी लाखनीला परत आलो आणि दुपारी क्रोम पुन्हा बंद. यावेळी मी ओरडले नाही, फोन बघायला मागितला. बाकी सगळं चालू होतं, फक्त क्रोमचं चिन्ह राखाडी पडलं होतं. दाबलं तर वेळ संपल्याची सूचना येत होती. हे कुलूप शनिवारच्या कुलपापेक्षा वेगळं दिसत होतं, म्हणजे ते लावणारा हातही वेगळा असणार. सेटिंग्जमध्ये शोधत गेलो तेव्हा सापडलं. फोनमध्येच डिजिटल वेलबीइंग नावाची सोय असते. अँड्रॉइडमध्ये ती 2018मध्ये आली. तिच्यात एकेका ॲपला रोजची वेळ लावता येते. फॅमिली लिंक घेण्याआधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मीच क्रोमला पाऊण तासाची वेळ लावली होती आणि पार विसरून गेले होते. एका पहारेकऱ्यानं सोडलं तरी दुसरा अडवत होता. हा दुसरा टायमर मध्यरात्रीच पुन्हा शून्यावर येतो, म्हणून याआधीही काही दिवस दुपारी क्रोम चालायचं आणि संध्याकाळी बंद पडायचं.

"पण मी आज क्रोम उघडलंच नाही," मुलगा म्हणाला.

आधीच्या गुरुवारी हे वाक्य ऐकून माझा पारा चढला असता. आता आम्ही वापराचा हिशोब उघडला. क्रोमच्या नावावर पाऊण तास होता. मग त्यानं सकाळपासून काय काय केलं, ते आठवून सांगितलं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या लिंक उघडल्या होत्या, क्रिकेटचा स्कोअर पाहिला होता. अशा लिंक दाबल्या की पान क्रोममध्येच उघडतं. कधी दुसऱ्या ॲपच्या आत उघडल्यासारखं दिसतं, पण खिडकी क्रोमची असते आणि वेळही क्रोमच्या खात्यावर पडते. त्यानं क्रोमच्या चिन्हाला बोट लावलं नव्हतं, हे खरं. क्रोमचा पाऊण तास संपला होता, हेही खरं. तो टायमर आम्ही काढून टाकला. नियम एकाच ठिकाणी ठेवायचा, असं ठरवलं.

तिसरा अडसर संध्याकाळी आला. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याजवळ क्यूआर कोड असतात. ते स्कॅन केले की दीक्षा या शैक्षणिक पोर्टलवरचं साहित्य उघडतं. मी स्वतः वर्गात ते वापरते. मुलानं कोड स्कॅन केला. ब्राउझर उघडला, पान आलं, पण त्यातल्या एका दुव्यावर गेल्यावर पालकांची परवानगी मागा, असं पान समोर आलं. ब्राउझरला परवानगी होती, साइटला नव्हती. सुरुवातीला मी फक्त ठरावीक साइट चालतील, अशी कडक व्यवस्था निवडली होती आणि आठ-दहा पत्ते दिले होते. पण एका साइटवरून लॉगिनसाठी दुसऱ्या पत्त्यावर जावं लागतं, व्हिडिओ तिसऱ्याच पत्त्यावरून येतो. मी दिलेल्या यादीत वाटेतले हे पत्ते नव्हते. अश्लील साइट अडवून बाकी चालू ठेवण्याचा मधला पर्याय असतो. विचार करून मी तो निवडला. कोणतीही गाळणी शंभर टक्के पकडत नाही, हे मुलाला समजावून सांगितलं आणि काही विचित्र दिसलं तर न घाबरता मला दाखव, असंही सांगितलं.

मधल्या काळात ओळखीच्या मोबाइल दुकानदारानं सोपा उपाय सुचवला होता, दुसरा एखादा ब्राउझर टाकून द्या. मी नको म्हटलं. साइटची ही गाळणी क्रोमपुरती असते. दुसरा ब्राउझर टाकणं म्हणजे पाटातला गाळ काढायचा सोडून तलावाची पाळच फोडणं. सगळ्या मर्यादा उठवून टाकाव्यात, असंही एकदा मनात आलं होतं. पण साडेनऊनंतरची झोप मला त्याच्यासाठी हवीच आहे, आणि आता त्यालाही ती पटते.

या सगळ्यात मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवत राहिलं. कडेगाव तालुक्यातल्या या गावानं 2022मध्ये ठरवलं की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. बंदी मला पटत नाही. वडगावचा भोंगा मात्र पटतो, कारण तो सगळ्यांना ऐकू येतो. केव्हा बंद, केव्हा सुरू, हे लहान-थोर सगळ्यांना माहीत असतं आणि मोठ्यांचेही फोन बंद होतात. माझ्या घरातला भोंगा फक्त माझ्या फोनमध्ये वाजत होता. मुलाला त्याचा नियम दिसत नव्हता, फक्त बंद दार दिसत होतं.

म्हणून आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. मुलानंच आखला आहे. पहिल्या रकान्यात नियम, दुसऱ्यात तो कुठे लावला आहे, तिसऱ्यात तो लागू झाला की फोनवर काय दिसतं. पूर्ण फोन बंद झाला तर दिवसाची वेळ किंवा रात्रीची वेळ. एकच चिन्ह राखाडी पडलं तर त्या ॲपचा टायमर. ब्राउझर उघडून आत परवानगीचं पान आलं तर साइटची गाळणी. आणि यातलं काहीच नसेल तर आधी इंटरनेट तपासायचं, फोन बंद करून सुरू करायचा, मगच सेटिंगला हात लावायचा. मी शाळेत असताना अगदीच अडलं, तर माझ्या फोनवरचा पालकांचा कोड फोनवरून सांगते. त्याच्याकडे नेट नसलं तरी तो चालतो.

मुलाची वही सोमवारी पूर्ण झाली. तिच्यात तलावाचं एक चित्र आहे. वर पाळ, पाळीला तुडूम, खाली मोठा पाट, लहान पाट, शेवटी वावर. पाटाच्या तिसऱ्या वळणावर त्यानं गाळाचा एक काळा ठिपका काढला आहे आणि बाण मात्र वावराकडून तुडुमाकडे उलटा दाखवला आहे. सरांनी बाणाची दिशा चुकली, असं पेन्सिलनं लिहून दिलं होतं. मुलानं त्यांना जाऊन सांगितलं, "सर, हा पाण्याचा बाण नाही. हा शोधणाऱ्याचा बाण आहे." सरांनी ती खूण खोडून टाकली.