ऑस्मियमहून जड ग्रह

अंतराळावरच्या अगदी सुरुवातीच्या संगणकीय खेळांपैकी एक म्हणजे ‘स्पेसवॉर’. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी १९६२ साली एमआयटीतल्या पीडीपी-१ या संगणकावर तो उभा केला. मधोमध एक तारा, त्याच्या ओढीत सापडलेली दोन यानं आणि त्यांचे एकमेकांवर सुटणारे टॉर्पेडो. मागे वाटेल तसे ठिपके टाकलेले पीटर सॅमसनला पाहवेनात, म्हणून त्याने खऱ्या आकाशातले तारे खऱ्या जागी बसवले. टॉर्पेडोंना मात्र ताऱ्याची ओढ लागूच नव्हती. यानांचं गणित करता करताच यंत्र मेटाकुटीला येई. म्हणजे खेळात ज्याचं काही अडत नाही ते आकाश अचूक, आणि ज्यावर हारजीत ठरायची ते अस्त्र न्यूटनला न जुमानणारं! माझ्या धंद्यातली सगळी भांडणं त्या एका पडद्यावर आधीच होऊन गेली आहेत असं मला वाटतं.

मी अंतराळातल्या खेळांसाठी गतीचं गणित लिहिते. यान कुठे आहे, कुठे जाईल, इंजिन पेटवलं की कक्षा कशी बदलेल, एवढंच माझं काम. पुण्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात “रिअलिस्टिक करायचं की मजेदार?” हा प्रश्न दर मीटिंगला चहाच्या आधी येतो. मला तो प्रश्नच वाकडा वाटतो. खोटं तर बोलावंच लागतं. ते आकड्यांत बोलायचं की आकड्यांमधल्या नात्यांत, हे ठरवायचं असतं. माझा कौल पहिल्या बाजूला.

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ घ्या. मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड कंपनीत फेलिपे फालांघेने सुरू केलेला हा खेळ २०११ मध्ये लोकांच्या हाती आला. त्यातल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, आपल्या पृथ्वीची ६,३७१. पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण मात्र दोन्हीकडे सारखंच. आता एवढ्याशा गोळ्याने पृथ्वीइतकं ओढायचं, तर त्याची घनता पृथ्वीच्या दहापटीहून जास्त हवी. म्हणजे ऑस्मियम या सगळ्यात घन मूलद्रव्याच्याही अडीचपट. असला ग्रह कुठल्याही सूर्याभोवती असू शकत नाही. पण या एका थापेने काय साधलं पाहा. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत टिकायला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो, कर्बिनभोवती २.३ च्या आसपास पुरतो. दीड तासाची प्रदक्षिणा अर्ध्या तासावर येते. शाळेतून आलेलं पोर जेवायची हाक येईपर्यंत एक रॉकेट जाळून दुसरं उडवू शकतं. आणि रॉकेटचं समीकरण, केप्लरचे नियम, टप्प्याटप्प्याने टाक्या टाकून देण्याचं कारण, सगळं जसंच्या तसं.

ही नाती राखल्याचं फळ दोन यानांच्या भेटीत सर्वांत स्पष्ट दिसतं. आमच्याकडे चाचणीला येणारा कॉलेजातला एक मुलगा एकदा वैतागून म्हणाला, “मॅडम, तुमचं गणित गंडलंय. मी जितका जोर लावतोय तितकं ते पुढे पळतंय.” गणित ठीक होतं. सुटलेली बस गाठायची तर जोरात पळायचं, हे आपल्या पायांना लहानपणापासून ठाऊक असतं, आणि कक्षेत नेमकं तेच नडतं. पुढच्या यानाच्या दिशेने इंजिन पेटवलं की आपली कक्षा वर उचलली जाते, वाटचाल लांबते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि आपण मागे पडतो. गाठायचं असेल तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरायचं. तिथे फेरी लवकर पुरी होते. मग योग्य वेळी पुन्हा वर यायचं.

त्या मुलाला मी अंतराळवीर जिम मॅकडिव्हिटची गोष्ट सांगितली. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ मधून त्याने आपल्याच टायटन रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला होता. नाक त्याच्याकडे वळवायचं आणि जोर लावायचा, हे कसलेल्या वैमानिकाच्या हातात मुरलेलं. टप्पा दूरच जात राहिला, इंधन संपत चाललं आणि नाद सोडून द्यावा लागला. खरं तर बझ ऑल्ड्रिन या दुसऱ्या अंतराळवीराने त्याआधी दोनच वर्षं एमआयटीत नेमक्या या भेटीच्या प्रश्नावर डॉक्टरेट केली होती. त्याच डिसेंबरात जेमिनी-६ए आणि जेमिनी-७ एकमेकांपासून हातभर अंतरावर आले. मॅकडिव्हिटच्या हाताला जे माहीत नव्हतं ते आज नववीतल्या कर्बल खेळणाऱ्या मुलाच्या हाताला माहीत असतं, आणि ते शिकवलं ऑस्मियमहून जड अशा अशक्य ग्रहाने. चांद्रयान-३ पृथ्वीभोवतीची आपली लांबट कक्षा वाढवत वाढवत चंद्राकडे निघालं, तेव्हा बातम्यांतली ती आकृती अशा मुलांना कुणी समजावून द्यावी लागली नसेल.

कर्बलनेही एका नात्याला कात्री लावली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तिथे यानाला एका वेळी एकच गोल ओढतो. चंद्राच्या हद्दीत शिरलात की ग्रहाची ओढ बंद. त्यामुळे दोन ओढींच्या तोलावर उभे असलेले लाग्रांज बिंदू त्या विश्वात नाहीतच, आणि आपलं आदित्य-एल१ तिथे उभं करायला जागाच नाही. मला हे खटकतं. पण बदल्यात मिळतं ते फार मोठं आहे. नकाशावर कक्षेची एक स्वच्छ रेघ आणि काळ पुढे पळवायची सोय. मंगळयानाला जवळजवळ तीनशे दिवस लागले, खेळाडूला तीन मिनिटं. सगळ्या गोलांची ओढ एकदम मोजली की उपग्रह हळूहळू भरकटतात, आणि रविवारी सोडलेला उपग्रह पुढच्या रविवारी भलतीकडेच सापडतो. ज्यांना तो त्रास हवाच आहे त्यांच्यासाठी ‘प्रिन्सिपिया’ नावाची जोडणी हौशी लोकांनी लिहिली आहे. मी ती वापरते. दुसऱ्या कुणाला सुचवत नाही.

आता माझ्या मताला आडवा जाणारा खेळ म्हणजे ‘एलिट’. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा, १९८४ चा. त्यात यान नाक वळवेल तिकडे जातं. म्हणजे खरं तर ते विमानच आहे, आणि तरी खेळ झकास. नऊ वर्षांनी ‘फ्रंटियर’मध्ये ब्रेबेनने न्यूटन इमानेइतबारे आणला, तर लढाईची रया गेली. प्रचंड वेगाने दोन यानं एकमेकांना ओलांडून जायची, क्षणभर गोळीबार, मग वळून पुन्हा तेच. २०१४ च्या ‘एलिट डेंजरस’मध्ये आकाशगंगा पूर्ण मापाची ठेवली आणि लढताना यानाच्या वेगावर मर्यादा घातली. मला ही तडजोड पटते, कारण एलिटचा जीव व्यापारात आणि चकमकीत आहे, कक्षेत नाही. ज्या नात्यावर खेळ उभा आहे ते राखायचं. बाकीची विकायला हरकत नाही. मात्र त्याच खेळात हटन ऑर्बिटल नावाचं ठाणं आहे, यान जिथे येऊन पोचतं त्या ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षं दूर. सरळ रेषेत तासाहून जास्त उडत राहायचं, वाटेत काहीही नाही. लोक मुद्दाम जातात, वर मिरवतात. मजा म्हणजे काय यावर मीटिंगमध्ये फार ठामपणे बोलणाऱ्यांना मी तिकडे धाडते.

अलीकडे आमचा वाद आमच्या खेळातल्या चंद्रावरच्या गाडीवर अडला होता. पृथ्वीवरून दिलेली आज्ञा तिथे पोचायला सव्वा सेकंद, चित्र परत यायला तेवढाच. ऐकायला किरकोळ, पण स्टिअरिंग हातात घेतलं की जीव नकोसा होतो. हा उशीर काढून टाका, असं बहुतेकांचं म्हणणं. कर्बलच्या मूळ खेळातही तो नाही. मी अडून बसले. १९७० मध्ये लुनोखोद-१ चालवणारी सोव्हिएत मंडळी एकामागून एक येणारी स्थिरचित्रं पाहत पृथ्वीवरून गाडी हाकत होती. दगड दिसला तेव्हा गाडी त्याच्या आणखी जवळ गेलेली असायची, आणि सगळी कसोटी तिथेच होती. उशीर काढला तर उरते ती करड्या रंगाच्या मैदानावरची साधी मोटार. शेवटी असं ठरलंय की उशीर राहील. चंद्र मात्र आम्ही चिमुकला केलाय, गाडीचा वेग कितीतरी पटींनी वाढवलाय, आणि खेळाडूला पुढच्या वाटेची रेघ आधीच आखून पाठवता येईल. येत्या शुक्रवारी तो कॉलेजचा मुलगा येतोय चाचणीला.