कोणता वायू भरणार?

नागपूरहून बालाघाटला परतताना सासूबाई गोंदियापर्यंत पोट धरून बसल्या होत्या. मोठ्या आतड्याचा बेरियमचा एक्स-रे झाला होता. शौचाच्या वाटेने नळी घालून पांढरं औषध सोडतात, मग हवा भरतात. आतडं फुगलं की आतल्या भिंतीचं चित्र स्वच्छ उमटतं. तपासणी लवकर आटोपली, पण हवा रात्रभर पोटात फिरत राहिली. सूर्य मावळलेला, चौविहार केलेला, त्यामुळे ओव्याची चिमूटसुद्धा नाही. "असातावेदनीयाचा उदय आहे गं, भोगू दे," एवढंच म्हणाल्या. मीही मान डोलावली.

बऱ्याच वर्षांनी माझी पाळी आली. या वेळी सीटी स्कॅन होता. तोही एक्स-रेच्याच किरणांचा, आणि आतडं फुगवणं त्यालाही चुकत नाही. ती रात्र आठवून मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पोटात हवाच भरणार का?" विचारताना मान खाली गेली होती. आपल्या बायकांना हा विषय नवऱ्यासमोरही काढवत नाही.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्ही कार्बन डायऑक्साइड वापरतो. सोड्याच्या बाटलीत असतो तोच." साध्या हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. आतड्याला तो फार हळू शोषता येतो, म्हणून पोट तासन् तास तटतटलेलं राहतं. कार्बन डायऑक्साइड त्याहून शंभरपटीपेक्षा जास्त वेगाने रक्तात जातो आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडतो. लवकर जिरतो म्हणून तपासणी संपेपर्यंत तो थोडा थोडा सोडत राहावा लागतो. त्यासाठी दाब मोजणारं यंत्र आणि सिलिंडर लागतो. साधी हवा फुकट, हातातला रबरी फुगा दाबला की झालं. म्हणून पुष्कळ ठिकाणी तीच भरतात. तपासणी तिनेही होते, त्रास तेवढा मागे उरतो.

फुगवताना मलाही कळ आली, नाही असं नाही. पण परतीच्या गाडीत बसले तेव्हा पोट हलकं होतं. खिडकीपाशी बसून मी मात्र रडले. सासूबाई आता नाहीत. त्या रात्री मी त्यांच्या कर्माचा उदय मान्य केला. तपासणीआधी एक प्रश्न विचारायचं काम माझं होतं, ते मला सुचलंही नव्हतं. उपवासाचं कष्ट आपण पच्चक्खाण घेऊन पत्करतो. लाजेपोटी सोसलेल्या कळांना तप कसं म्हणायचं?

आता मंदिरातली कुणी चिठ्ठी घेऊन आली की मी सांगते, आधी विचार, "कोणता वायू भरणार? दुसरा मिळेल का?" दमा किंवा फुप्फुसाचं दुखणं असेल तर तेही सांग. आणि मान वर करून विचार.