मशीनची झोप

हिंगणघाटजवळ आमच्या चाचांचं शेत आहे. रात्रपाळीची वीज आली की मोटार लावायला ते शेतातच झोपायचे. त्यांची जागरणं थांबावीत म्हणून मी एक टायमर बनवला. मोटार २० मिनिटं चालणार, ४० मिनिटं थांबणार. आतली छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टम मीच लिहिलेली. वीज गेली तरी मोजणी चालू राहावी म्हणून बॅटरीही लावली.

पन्नासाव्या रात्री दोन वाजता चाचांचा फोन आला. "बेटा, तुह्या डब्ब्याले झोपच नाही लागून राह्यली." स्टार्टर सारखा टकटक करत होता. मी पोचेस्तोवर सगळं सुरळीत झालेलं, मोटार मात्र जळालेली. वायरिंग सैल आहे, असं मी ठामपणे सांगितलं. बिचाऱ्या वायरमनने रिवाइंडिंगचे अर्धे पैसे स्वतः भरले.

सात आठवड्यांनी मगरीबनंतर मी शेतातच होतो. पुन्हा तीच टकटक. पण या वेळी लाइन गेलेली होती. बॅटरीवर रिलेच वाजत होता. म्हणजे वायरिंगचा काही संबंध नव्हता.

माझी सिस्टम मिलिसेकंद ३२ बिटांत मोजते. ४,२९,४९,६७,२९५ नंतर आकडा शून्यावर येतो. त्याला साधारण ४९ दिवस १७ तास लागतात. उठायची वेळ या सीमेपलीकडे गेली की तिचा आकडा लहान होतो. 'आत्ताची वेळ त्याहून मोठी आहे का?' असं माझा कोड विचारायचा, आणि उत्तर लगेच 'हो' यायचं. रमजानमध्ये आपण ११ ला झोपतो, सहरीसाठी ४ ला उठतो. ११ हा ४ पेक्षा मोठा, म्हणून कुणी पडल्यापडल्या उठत नाही. झोप किती झाली, तेच मोजायचं असतं. आत्ताच्या वेळेतून झोपल्याची वेळ वजा केली की चिन्हरहित गणितात शून्य ओलांडूनही उत्तर बरोबर येतं. दुरुस्ती एका ओळीची होती.

लिनक्समध्ये हा आकडा मुद्दामच असा सुरू करतात, की ३२ बिटांची सीमा पाच मिनिटांतच यावी आणि चूक लवकर दिसावी. मीही आता तसंच करतो.

जुम्म्यानंतर पैसे घेऊन वायरमनकडे गेलो. तो म्हणाला, "पैशाचं जाऊ द्या. त्यानंतर गावात मले कोणी काम नाही देलं, त्याचं सांगा."

मग चाचांना घेऊन चहाच्या टपरीवर गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी होती.