सूर्याच्या गावी

गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यात, पुष्पावती नदीच्या काठी मोढेरा हे गाव वसलेले आहे. सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या काळी, इ. स. १०२६-२७ च्या सुमारास, येथील प्रसिद्ध सूर्यमंदिर उभे राहिले. आम्ही बडोद्याहून गेलो ते मात्र मंदिराइतकीच घरांची छपरे पाहावयास.

९ ऑक्टोबर २०२२ रोजी हे गाव रात्रंदिवस सौर विजेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून जाहीर झाले. तेराशेहून अधिक घरांवर एकेक किलोवॅटचे संच बसविलेले आहेत. शेजारच्या सुज्जनपुऱ्यास सहा मेगावॅटचे केंद्र असून दिवसा साठविलेली वीज बॅटऱ्यांतून रात्री गावास मिळते. घरात वापरून उरलेली वीज तारांवाटे परत जाते व तिचा हिशेब बिलात होतो. म्हणजे जो काटकसर करील, त्याच्या पदरी अधिक पडेल.

परंतु ऊन फुकट म्हणून वीजही फुकट, असे कोणी समजू नये. संचाची काच, बॅटरीतील धातू ही भूमीच्या पोटातूनच येतात आणि कालांतराने झिजतात. रिकाम्या खोलीतला पंखा येथेही उधळपट्टीच होय.

मंदिरापुढील कुंडात पाणी किती उरले, हे उघड्या पडलेल्या पायऱ्याच सांगतात. तारेतील वीज अशी दिसत नाही. म्हणून वाचकहो, छपरावर संच असो वा नसो, महिन्यातून एकदा तरी घरच्या मीटरकडे सहकुटुंब पाहावे.