मेगाब्लॉक

बदलापूरला राहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या बाईने घरात पुन्हा आगगाडीच मांडावी, याला वेड नाही तर काय म्हणायचं? सकाळी लेडीज डब्यात पाय रोवायला जागा मिळेपर्यंत उल्हासनगर येतं. संध्याकाळी मटार सोलणाऱ्या, पालक निवडणाऱ्या बायकांच्या कोपरांमधून वाट काढत घर गाठायचं, आणि मग गॅलरीत बसून पुन्हा लोकलच बघायची! पण मला गाडी आवडते ती बाहेरून. वांगणीकडून वळण घेत येणारी, डब्यामागून डबा उलगडत जाणारी. आत कोंबलेल्याला ती दिसते कुठे?

माझी गाडी एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्शाची. या मापाच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा; त्याला ८७ने भागलं तर एकोणीसच्या वर उत्तर येतं. त्यामुळे विलायती रुळांवर आपली लोकल उभी केली की बारीक पायांवर धिप्पाड अंग पेललेल्या पैलवानासारखी दिसते. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्या हिशेबाचं. मला कल्याण ते बदलापूर अख्खा मार्ग हवा होता, विठ्ठलवाडीसकट. खरं अंतर चौदा किलोमीटर. ८७ने भागल्यावरही एकशे साठ मीटर उरतं. एकट्या बारा डब्यांच्या लोकललाच तीन मीटर लागतात, आणि आमची गॅलरी ती केवढी!

तरी नेटाने सामान जमवलं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून प्लायवूडचे तुकडे, कॅम्पातल्या दुकानांतून वायर, स्विच, बारक्या मोटरी. या गावाला काहीही विचारा, मिळतं. नाहीतर उद्या बनवून मिळतं. लष्कराच्या बराकींत उतरलेल्या सिंधी निर्वासितांनी उभारलेलं हे शहर. ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि नाव मिळालं ते उल्हास नदीचं. (गावातून वाहते ती वालधुनी. तिच्या पाण्याच्या रंगाबद्दल न बोललेलं बरं.)

मग वहीत याद्या सुरू झाल्या. या रविवारी अंबरनाथचा फलाट, पुढच्या रविवारी पूल. दोन रविवार चुकले की थकबाकी. आवडीला हजेरीपत्रक लागलं, तशी आवड दांड्या मारू लागली. हुरूप यावा म्हणून पुण्याला कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय पाहून आले. भाऊसाहेब जोशींनी हयातभर जमवलेला तो संसार १९९८पासून लोकांना पाहायला खुला आहे. सिग्नल पडतात, गाड्या एकमेकींना वाट देतात, सर्कस आहे, अंधार केला की खिडक्याखिडक्यांतून दिवे लागतात. डोळे निवले, आणि परतीच्या गाडीत माझं प्लायवूड आणखीच केविलवाणं वाटू लागलं.

उरलासुरला जीव पुराने घेतला. २७ जुलै २०१९च्या पहाटे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजाराच्या वर माणसं डब्यांत, खाली चहूकडे उल्हासचं पाणी. एनडीआरएफ आणि नौदलाने बोटींतून त्यांना बाहेर काढलं. माझ्या पाटावर तीच नदी होती, निळीशार, कॅलेंडरातल्यासारखी. तिच्याकडे बघवेना. जुनी चादर टाकली वर. सासूबाई अधूनमधून विचारायच्या, "काय गं, मेगाब्लॉक संपायचाय कधी?"

तो संपला तोही अशाच एका मेगाब्लॉकच्या रविवारी. कुठे जायची सोय नव्हती. चादर वाळत घालायला म्हणून काढली. रूळ काळवंडले होते. आमच्याकडच्या पावसाळ्यात निकेल-सिल्व्हरवरही साय धरते, आणि मग चाकांना वीज पोचत नाही. शाळेतला खोडरबर घेऊन एक वीत रूळ घासला. रबरावर दोन समांतर काळ्या रेघा उमटल्या, रूळ लखलखला. इंजिन ठेवून बटण फिरवलं. ते कण्हलं, अडखळलं आणि तेवढीच एक वीत चाललं. पुढे मळका रूळ लागताच थांबलं. मग पुढची वीत घासणं आलंच.

कोथरूडबद्दलची एक गोष्ट माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली. त्या संग्रहालयात मांडलेलं शहर हे कुठलंच खरं शहर नाही. जोशींनी कुणाच्याही नकाशाला ८७ने भागलेलं नव्हतं. त्यांना जे पाहायला आवडेल ते त्यांनी मांडलं होतं. मी वहीतल्या याद्या रद्दीत घातल्या. कल्याण गेलं, विठ्ठलवाडी गेली, अंबरनाथचा अर्धवट फलाटही काढून टाकला. उरलं ते बदलापूर-वांगणीमधलं नदीकाठचं वळण, जेमतेम दोन हात.

आणि नदी नव्याने रंगवली. जुलैची. वीटकरीत थोडा काळा, थोडा पिवळा कालवून गढूळ रंग, त्यावर फेविकॉलचे थर. फेविकॉल जाड लावला की नितळ वाळत नाही, ढगाळ राहतो. एरवी खटकलं असतं, इथे तेच हवं होतं. काठाला उकळून वाळवलेली चहापावडर चिखल म्हणून बसली.

आता अडलंय ते म्हशींवर. विलायती संचांत गायी मिळतात, त्याही काळ्या-पांढऱ्या, गुबगुबीत. वांगणीच्या डबक्यात डुंबणारी म्हैस कुणी विकत नाही. म्हणून एम-सीलच्या वळतेय. पहिलीची शिंगं सासूबाईंनी करून दिली. त्यांच्या मते ती अस्सल मुऱ्हा झाली आहे. माझ्या मते रेडा.