ओसरीवरची सिंफनी

दिवाळीत लोक महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात. आम्ही शिरूरला गेलो. “घोडनदीच्या का?” असे शेजाऱ्यांनी विचारलेच. नव्हे, हे अनंतपाळाचे शिरूर. लातूर जिल्ह्यातले. देवाचे नाव गावाने आपल्या नावात गुंफून घेतले आहे.

लातूरला एस.टी. धरली की खिडकीबाहेर काळेभोर रान सुरू होते. सोयाबीन निघून गेलेले, तूर पिवळ्या फुलांनी डवरलेली. हे गाव जागचे कधी हलले नाही, पण त्याचा पत्ता मात्र सारखा बदलत राहिला. पूर्वी निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात. १९५६ साली उस्मानाबाद जिल्ह्यात आणि मुंबई राज्यात. १९६० साली महाराष्ट्रात. १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात. आणि १९९९ साली निलंग्यातून वेगळे होऊन स्वतःच तालुक्याचे गाव!

आमची आत्या येथे राहते. वय चौऱ्याऐंशी. पहाटे ती बंब पेटवीत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. कान दिला, तर ती आकाशवाणीची सुरुवातीची धून! खाली तंबोरा, वर व्हायोलिन. ती कोण विसरेल?

“तुझ्या मामांची सवय रे,” आत्या म्हणाली. “परभणी लागायच्या आधीच रेडिओला कान लावून बसायचे. हे वाजलं की मी चहा ठेवायची. ते गेले, रेडिओ माळ्यावर गेला. हे तेवढं राहिलं.”

“ही धून कोणी रचली, ठाऊक आहे का?”

“कुणी रचायला ती काय ओवी आहे? रेडिओचीच असंल!”

मग मी तिला वॉल्टर कॉफमन यांची गोष्ट सांगितली. या धुनेचे श्रेय त्यांना दिले जाते. बोहेमियातल्या कार्ल्सबाद येथे १९०७ साली जन्मलेला हा ज्यू संगीतकार बर्लिनला शिकला आणि हिटलरची सावली युरोपवर पडू लागली तेव्हा १९३४ साली मुंबईस आला. आपले संगीत प्रथम ऐकले तेव्हा त्याला त्यातले काहीच उमगले नाही. पण त्याने मनाशी विचार केला तो असा : ज्या गाण्यावर लाखो माणसे जीव टाकतात ते मला कळत नसेल, तर दोष माझाच. मग तो येथे बारा वर्षे राहिला. मुंबई नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्याने सांभाळला, आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक असताना उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. १९८४ साली तो तिकडेच वारला.

१९४३ साली, तिकडे युरोपात त्याच्या जातभाईंचा संहार चालू असताना, त्याने ‘इंडियन सिंफनी’ लिहिली. ती फारशी कुणाला माहीत नाही. अलीकडे बर्लिनच्याच एका वाद्यवृंदाने ती ध्वनिमुद्रित केली आहे. खरे सांगायचे तर, घरी मी ती पाच मिनिटांत बंद केली होती. धड इकडची नाही, धड तिकडची नाही, असा शेरा मारून!

“लाव की,” आत्या म्हणाली.

ओसरीवर मोबाइल ठेवला. वाद्यवृंद सुरू झाला. आपल्या वळणाची एखादी सुरावट येई, दुसऱ्या वाद्यांकडे जाई, थोडी बदलून परत येई. आत्या डोळे मिटून बसली होती. मला वाटले, डुलकी लागली. पण संपताच तिने विचारले,

“एकतारी कुठाय रे यात?”

मी थक्क झालो. जे मी पुस्तकांतून वाचले होते ते आत्याने भजनाच्या कानाने पकडले होते. आपल्या रागाला षड्ज हे घर; तंबोरा वा एकतारी ते घर सतत दाखवीत असते. सूर कितीही भटकला तरी घर जागचे हलत नाही. सिंफनीची रीत निराळी. तिथे एका वेळी अनेक सूर एकत्र वाजतात आणि मूळचा षड्जच मुक्काम बदलतो. सुरावट परक्या मुलखात हिंडून घरी परतते, यातच तिथली गंमत. कॉफमन या दोन रीतींच्या मध्ये उभा होता.

हे मी आत्याला माझ्या परीने सांगितले. ती म्हणाली, “मग बरोबरच आहे. गाव सुटलेल्या माणसाचं हाय हे. घराभोवतीनं फिरायलंय, पण आत जाईना गेलंय.”

यावर मी काय बोलणार? ज्या रचनेला मी पाच मिनिटे दिली, तिला माझ्या आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले होते. कळत नसेल तर दोष माझाच, हे कॉफमनने मनाशी म्हटले तेव्हा तो ऐन उमेदीत होता. मला ते सुचायला अर्धे आयुष्य लागले, आणि त्यासाठी शिरूरपर्यंत यावे लागले.

बंबातले पाणी केव्हाच तापले होते. आत्या उठली, पण उंबऱ्याशी थांबून म्हणाली,

“परत लाव. आता नीट ऐकते.”

या वेळी मीही ऐकली. शेवटपर्यंत.