ठिणगी आणि बार यांच्यामधला क्षण



आजचा विषय बंदुकीचा आहे. पाणी गाळून पिणाऱ्या आणि अंधार पडायच्या आत जेवून घेणाऱ्या घरातली बाई बंदुकीवर काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वर्षभरापूर्वी तसंच वाटलं असतं.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. इथल्या लँकास्टर भागात अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस कारागिरांनी लांब नळीची एक रायफल घडवली. पुढे ती केंटकी रायफल म्हणून प्रसिद्ध झाली. आमच्या शेजारचे आजोबा अजून तशाच रायफली हातानं बनवतात. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला लाकूडकामाचं वेड आहे, तो त्यांच्याकडे जायला लागला. मुलगा कशात हात घालतोय ते बघायला त्याच्यामागून मीही गेले.

बघितलं आणि थांबलेच. दस्ता मेपलच्या लाकडाचा, त्यात वाऱ्यानं पाण्यावर उठाव्यात तशा आडव्या लहरी. त्यावर पटाशीनं कोरलेली वेलबुट्टी. बाजूला पितळी झाकणाची छोटी डबी. नळीच्या आत नागमोडी उतरणारे खाचे असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. जुन्या पद्धतीत हे खाचे लाकडी चौकटीवर हातानं ओढत कापतात. एका ओढीत केसाएवढा लोखंडाचा कीस निघतो. असं किती वेळा ओढायचं त्याला गणती नाही. आपल्या मंदिरातली संगमरवराची नक्षी बघताना जसं कारागिराच्या हातांकडे मन जातं, तसं माझं गेलं.

ही चकमकीची बंदूक. घोड्याच्या जबड्यात गारगोटी बसवलेली असते. चाप ओढला की ती पोलादी पात्यावर घासते. ठिणगी गारगोटीची नसते बरं का. गारगोटी पोलादाचा बारीक कण खरवडते आणि तो कणच जळतो. ठिणग्या खालच्या पाळीत ठेवलेल्या चिमूटभर दारूवर पडतात. जुन्या मराठीत या दारूला रंजक म्हणत. रंजक भडकतं, ज्वाळा बारीक छिद्रातून नळीत जाते आणि मग बार उडतो. हवा दमट असेल तर रंजकच पेटत नाही. पुन्हा बार भरायला जवळजवळ मिनिट लागतं: दारू मोजा, गोळी कापडात गुंडाळा, गजानं ठासा.

म्हणजे ठिणगी आणि बार यांच्यामध्ये एक क्षण असतो. अगदी छोटा, पण कळण्याएवढा. याच क्षणाची एक गोष्ट आहे. स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फोर्सिथ नावाचे एक पाद्री होते, त्यांना पक्ष्यांच्या शिकारीची आवड. रंजकाचा भपका दिसला की पक्षी गोळी पोचायच्या आत उडून जायचे. म्हणून त्यांनी ठोक्यानं पेटणाऱ्या मसाल्याची युक्ती काढली आणि 1807 साली तिचं पेटंट घेतलं. पुढच्या काही दशकांत गारगोटी मागे पडली. पक्ष्याला मिळणारा तो एक क्षण माणसानं मुद्दाम काढून टाकला.

हे कळल्यापासून मी त्या बंदुकीकडे वेगळ्या नजरेनं बघते. हिंसेची आपल्याकडची व्याख्याच प्रमादापासून सुरू होते. बेसावधपणा, घाई, कषायाचा झटका, ही तिची मुळं. मुलांवर हात उगारण्याआधी, सासरी-माहेरी टोचून बोलण्याआधी असाच एक क्षण आपल्यालाही मिळतो. तो क्षण वापरणं म्हणजेच संयम. हत्यार जितकं सोपं होत गेलं, तितका तो क्षण आक्रसत गेला.

पण कौतुक करतानाही मन खातं. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींचं पाप लागतं हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग हे कौतुक म्हणजे अनुमोदनाच नाही का? शेजारचे आजोबा मनानं प्रेमळ आहेत, पण नाताळनंतर इथं फक्त चकमकीच्या बंदुकीनं हरणं मारायचा हंगाम असतो, त्याला ते जातात. ते मी डोळ्याआड करू शकत नाही.

सांगलीला सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "आदिनाथ भगवंतांनी सहा कर्मं शिकवली. असि पहिलं आणि शिल्प शेवटचं. पोराला शिल्प शिकू दे. असि त्याच्या हातात जाऊ देऊ नकोस." मग अनर्थदंडातल्या हिंसादानाची आठवण करून दिली: हत्यार दुसऱ्याला देणंसुद्धा आपल्याला वर्ज्य.

त्यावरून आम्ही घरात नियम ठरवले. मुलगा लाकूड आणि पितळेचं काम शिकेल, दारू आणि शिशाला हात लावणार नाही. शिकारीला जाणाऱ्या बंदुकीवर तो नक्षी कोरणार नाही. फक्त भिंतीवर टांगायच्या किंवा कागदी निशाण्यावर नेम धरायच्या बंदुकीवरच कोरेल. आणि आजोबांनी प्रेमानं दिली तरी बंदूक आमच्या घरात येणार नाही. मी त्यांना हे समोर बसून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग मुलाकडे बघून म्हणाले, "मग आधी पटाशीला धार लावायला शिक."

उद्या ती भिंतीवरची बंदूक कुणी खाली उतरवली तर काय, असं मुलानंच मला परवा विचारलं. माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण हा प्रश्न त्याला पडला, याचं समाधान आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर काय ठरवलं असतं, जरूर कळवा.